पडद्यावरची नायिका आणि आमच्या आयाबहिणी

जुने चित्रपट आमच्या वस्त्यांतल्या बायकांना फार आवडतात. दूरदर्शनवर शनिवारी मराठी आणि रविवारी हिंदी चित्रपट लागायचा त्या काळात ज्याच्या घरी टीव्ही असे त्याच्या दारात अर्धी आळी गोळा व्हायची, आणि त्यात पुढची जागा बायकांची असायची. आज चित्रपट हातातल्या मोबाईलवर आला. तरीही 'मदर इंडिया', 'सुजाता', 'बंदिनी', 'उंबरठा' ही नावे काढली की साठीतल्या बाईचा चेहरा खुलतो. तिला नायकाचे नाव आठवत नाही, पण नूतन कुठे गप्प राहिली आणि नर्गिसने बंदूक कधी उचलली हे ती नेमके सांगते.

चळवळीतल्या काही मंडळींना सिनेमा म्हणजे वेळेचा अपव्यय वाटतो. आम्हाला तसे वाटत नाही. दिवसभर दुसऱ्याच्या शेतात, दुसऱ्याच्या घरात राबून आलेल्या बाईला पडद्यावर एखादी बाई मान वर करून बोलताना दिसली आणि तिला बरे वाटले, तर त्यात हसण्यासारखे काय आहे? उलट तेथूनच विचाराला सुरुवात होते. मात्र आम्हाला एक प्रश्न विचारावासा वाटतो. या जुन्या, गाजलेल्या, बाईला केंद्रस्थानी ठेवणाऱ्या चित्रपटांत मान वर करून बोलण्याचा अधिकार कोणत्या बाईला मिळाला? आणि आमच्या आईसारखी दिसणारी, आमच्या आईचे काम करणारी बाई पडद्यावर आली तेव्हा तिच्या वाट्याला काय आले?

हा प्रश्न चित्रपटाच्या अगदी उगमापासूनचा आहे. १९३० च्या आगेमागे केरळात 'विगतकुमारन' हा पहिला मल्याळी मूकपट जे. सी. डॅनियल यांनी काढला. त्यातली नायिका पी. के. रोझी ही पुलया या अस्पृश्य जातीतली गवत कापणारी, लोकनाट्यात काम करणारी बाई होती. भूमिका होती नायर घराण्यातल्या तरुणीची. तिरुवनंतपुरमच्या थिएटरात चित्रपट लागला आणि पुलया जातीची बाई नायर बाई म्हणून पडद्यावर दिसते हे पाहून सवर्ण प्रेक्षकांनी दगडफेक केली. रोझीला गाव सोडून पळावे लागले. पुढचे सगळे आयुष्य तिने तामिळनाडूत दुसऱ्या नावाने, आपली ओळख लपवून काढले. तो चित्रपट आज उपलब्ध नाही. मल्याळी सिनेमाची पहिली नायिका आपल्याला पडद्यावर कधीच पाहता येणार नाही.

आता याच्या शेजारी १९३६ सालचा 'अछूत कन्या' ठेवून पाहा. बॉम्बे टॉकीजचा हा चित्रपट देशभर गाजला. दिग्दर्शक जर्मन, फ्रान्झ ऑस्टेन. कथा निरंजन पाल यांची. अस्पृश्य कस्तुरीच्या भूमिकेत देविका राणी. टागोरांच्या नात्यातली, विलायतेत शिकलेली ही अभिनेत्री रेल्वे फाटकवाल्याची मुलगी झाली आणि तिचे सर्वत्र कौतुक झाले. सवर्ण बाईने अस्पृश्य बाईची भूमिका केली तर ती कला ठरते. अस्पृश्य बाईने सवर्ण बाईची भूमिका केली तर तो गुन्हा ठरतो आणि पडद्यावर दगड पडतात. भारतीय सिनेमातल्या जातीचा हिशेब इतका सरळ आहे.

कथेतही तेच. कस्तुरीचा बाप ब्राह्मणाचा जीव वाचवतो. कस्तुरी आणि ब्राह्मणाचा मुलगा प्रताप एकमेकांवर प्रेम करतात, पण लग्न होत नाही. तिचे लग्न जातीतल्या मन्नूशी होते, त्याचे त्याच्या जातीत. शेवटी त्या दोन पुरुषांच्या मारामारीत, धावत येणारी गाडी थांबवण्यासाठी कस्तुरी रुळांवर उभी राहते आणि मरते. मग तिच्या नावाचे देऊळवजा स्मारक होते. जिवंतपणी जिला गावाने जवळ केले नाही तिला मेल्यावर देवी करून टाकले. हे आम्हाला नवे नाही.

त्याच १९३६ साली काय घडत होते हेही आठवले पाहिजे. ऑक्टोबर १९३५ मध्ये बाबासाहेबांनी येवल्याला धर्मांतराची घोषणा केली होती. मे १९३६ मध्ये मुंबईत महार परिषद भरली. लाहोरच्या जातपात तोडक मंडळासाठी लिहिलेले, पण होऊ न दिलेले भाषण त्याच वर्षी 'ॲनिहिलेशन ऑफ कास्ट' म्हणून छापून निघाले. एकीकडे लाखो माणसे आपले आयुष्य आपल्या हातात घ्यायला निघाली होती, आणि दुसरीकडे पडद्यावरची अछूत कन्या रुळांवर मरत होती. प्रेक्षक तिच्यासाठी रडले, हे खरे. पण ज्या व्यवस्थेने तिला मारले तिच्यावर कोणी रागावले नाही. त्या काळात जातीवर चित्रपट काढणे हेच धाडस होते, हे आम्ही नाकारत नाही. या चित्रपटाचे संगीत सरस्वतीदेवी या पारशी बाईने दिले होते आणि समाजाच्या विरोधामुळे तिलाही स्वतःचे नाव बदलून काम करावे लागले होते. बाईला पडद्यामागेसुद्धा मोकळीक नव्हती.

यानंतर एकाच वर्षात प्रभातचा 'कुंकू' आला. व्ही. शांताराम यांचा हा चित्रपट नारायण हरी आपटे यांच्या 'न पटणारी गोष्ट' या कादंबरीवर बेतलेला होता. अनाथ नीराचे लग्न मामा एका म्हाताऱ्या विधुर वकिलाशी फसवून लावून देतो. ती मुलगी आरडाओरडा करीत नाही, विहीर जवळ करीत नाही. ती त्या म्हाताऱ्याला नवरा मानायला साफ नकार देते, आणि अंगावर येणाऱ्या सावत्र मुलाला छडीने फोडून काढते. शांता आपटे यांनी ती नीरा अशी उभी केली की आजही पाहताना अंगावर काटा येतो. ही बाई पडद्याबाहेरही तशीच होती. १९३९ साली कंपनीशी वाद झाला तेव्हा प्रभातच्या दारात तिने उपोषण केले आणि पुढे 'जाऊ मी सिनेमात?' हे पुस्तक लिहिले. आमच्या मुलींनी हा चित्रपट जरूर पाहावा.

पण पाहताना एक गोष्ट लक्षात घ्यावी. नीराची सुटका होते ती म्हाताऱ्याने स्वतःचा जीव घेतल्यामुळे. नवरा मेल्याशिवाय तिला सोडवण्याचा दुसरा मार्ग कथाकारापाशी नव्हता, कारण १९३७ साली मुंबई इलाख्यात हिंदू कायद्याने तिला घटस्फोटाचा हक्क नव्हता. तो पेच मुख्यतः वरच्या जातींतल्या बाईचा होता. आमच्याकडे आणि इतर अनेक बहुजन जातींत काडीमोड होती, पाट होता. नवऱ्याशी पटले नाही तर पंचांसमोर काडी मोडून बाई मोकळी होत असे आणि दुसरा संसार मांडीत असे. आमच्या समाजात सगळे आलबेल होते असे आम्ही म्हणत नाही. बालविवाह आमच्याकडेही होते, दारू आणि मारहाण आमच्याकडेही होती आणि पंचही पुरुषच होते. पण ज्या रिवाजाला हलक्या जातींची चाल म्हणून नाके मुरडली गेली, तोच हक्क पुढे कायद्याने सगळ्या हिंदू स्त्रियांना द्यावा लागला.

हा हक्क कोणी मागितला? 'कुंकू'नंतर पाच वर्षांनी, जुलै १९४२ मध्ये नागपूरला अखिल भारतीय दलित वर्ग महिला परिषद भरली. सुलोचनाबाई डोंगरे अध्यक्ष होत्या. बाबासाहेब स्वतः हजर होते आणि हजारोंच्या संख्येने जमलेल्या बायका पाहून ते हरखून गेले होते. त्या परिषदेत घटस्फोटाचा हक्क आणि बहुपत्नीत्वाला बंदी हे ठराव आमच्या कष्टकरी, बहुतेक निरक्षर आयाबहिणींनी केले. पुढे बाबासाहेबांनी हिंदू कोड बिल आणले, ते रखडवले गेले आणि सप्टेंबर १९५१ मध्ये त्यांनी कायदेमंत्रिपदाचा राजीनामा दिला. १९५५ साली हिंदू विवाह कायदा झाला तेव्हा कुठे देशभरातल्या नीरांना म्हातारा मरण्याची वाट पाहण्याची गरज उरली नाही. शाळा-कॉलेजांतून 'कुंकू'चा गौरव होतो तेव्हा हे कोणी सांगत नाही. ते आपण सांगितले पाहिजे.

'मदर इंडिया'बद्दल आमच्या बायका भरभरून बोलतात. १९५७ सालचा मेहबूब खान यांचा चित्रपट, नर्गिसची राधा. सासूने लग्नासाठी काढलेल्या पाचशे रुपयांच्या कर्जापायी सुखीलाला सावकार सगळे कुटुंब गिळतो. लिहिता-वाचता येत नाही म्हणून वहीत काय लिहिले आहे हे कोणाला कळत नाही. महात्मा फुल्यांनी 'शेतकऱ्याचा असूड'मध्ये जे मांडले तेच हे चित्र आहे. राधा बैलाच्या जागी स्वतः नांगर ओढते. तो प्रसंग आमच्या बायकांना आपला वाटतो, कारण कष्ट त्यांना ओळखीचे आहेत. पण राधाकडे गहाण का होईना, जमीन आहे. जिच्याकडे तीही नाही, जी राधाच्या बांधावर मजुरीला येते, ती बाई त्या चित्रपटात कुठे आहे? आणि शेवटी बंदूक कोणावर चालते? सावकाराच्या वह्या जाळणाऱ्या पोटच्या बिरजूवर. सावकाराच्या मुलीची अब्रू वाचवण्यासाठी आई मुलाला मारते, आणि गाव तिला माता म्हणते. बाईची अब्रू वाचलीच पाहिजे, त्यात दुमत नाही. परंतु राधाच्याच अब्रूवर सुखीलालाने हात टाकला होता तेव्हा हे गाव कुठे गेले होते, एवढे तरी विचारायला हवे की नाही?

आता 'सुजाता'. १९५९ सालचा बिमल रॉय यांचा हा चित्रपट. सर्वोत्कृष्ट चित्रपटाचे आणि नूतनच्या अभिनयाचे फिल्मफेअर पारितोषिक त्याला मिळाले. पटकीच्या साथीत आईबाप गमावलेली अस्पृश्य मुलगी एका इंजिनिअरच्या घरात वाढते. पण ती त्या घरची मुलगी कधीच होत नाही, मुलीसारखी राहते. या 'सारखी'तच सगळा चित्रपट आहे. बंगाली घराची ही गोष्ट उभी केली आहे ती तीन मराठी बायकांनी. सुजाता नूतन, तिला सांभाळणारी चारू म्हणजे सुलोचना, आणि सोवळ्याओवळ्याची कडवी म्हातारी ललिता पवार. तिघींची कामे अस्सल आहेत.

नूतनचे डोळे जे बोलतात ते आमच्या पिढ्यांनी सोसलेले आहे. दुसऱ्याच्या घरात मागच्या खोलीत वावरणे, आपण आलो की पाहुण्यांचा आवाज बदलणे, हे ज्याने अनुभवले त्याला त्या चित्रपटाचे महत्त्व वेगळे सांगायला नको. पण सुजाताला स्वीकारले जाते कधी? चारू जिन्यावरून पडते, तिला रक्त लागते आणि सुजाताचे रक्त जुळते तेव्हा. माणूस म्हणून मान्यता मिळवायला तिला शरीरातले रक्त द्यावे लागले! ब्राह्मण मुलगी रमा तिच्याच बरोबरीने वाढली. तिने रक्त दिले नाही, तरी ती मुलगी होतीच. जन्माने मिळणारी गोष्ट एकीला फुकट आणि दुसरीला रक्ताच्या मोलाने. आणि निराश झालेली सुजाता जीव द्यायला निघते तेव्हा तिला परत फिरवतात ते गांधीजींचे विचार. धम्मदीक्षेला तेव्हा अवघी तीन वर्षे झाली होती. लाखोंनी एका दिवसात आपली मागची खोली सोडली होती. बाबासाहेबांचे नाव मात्र त्या चित्रपटात नाही.

तरीही बुद्ध तेथे आहेच, आणि तो चोरपावलांनी आला आहे. चित्रपटात टागोरांच्या 'चांडालिका' या नृत्यनाट्याचा प्रयोग आहे. तहानलेला भिक्खू आनंद चांडाळ कन्येकडे पाणी मागतो, ती जात सांगते, आणि तो तिला माणूस म्हणून पाहतो ही मूळ बौद्ध कथा. शिवाय नायिकेचे नाव सुजाता. तथागताला खीर देणाऱ्या सुजाताचे नाव आमच्या घराघरांत मुलींना ठेवलेले आहे. दिग्दर्शकाच्या मनात ते होते की नाही हा प्रश्न नाही. आमच्या बाईने तो चित्रपट पाहताना ही ओळख मनात ठेवली, तर रक्त देऊन कृतार्थ होणाऱ्या सुजाताकडे ती वेगळ्या नजरेने पाहील. १९५९ याच साली दादासाहेब गायकवाडांनी भूमिहीनांचा सत्याग्रह केला. १९६४ च्या देशव्यापी सत्याग्रहात तर बायका कडेवर पोर घेऊन तुरुंगात गेल्या. त्या बायका कोणाच्या 'मुलीसारख्या' नव्हत्या. त्या जमीन मागत होत्या.

सुलोचनाबाईंचा उल्लेख आला म्हणून एक आठवण करून देणे आम्हाला गरजेचे वाटते. 'सुजाता'च्या पाच वर्षे आधी, १९५४ साली, याच सुलोचनाबाईंनी आचार्य अत्र्यांच्या 'महात्मा फुले' या चित्रपटात सावित्रीमाई साकारल्या. जोतीराव झाले होते बाबुराव पेंढारकर. या चित्रपटाच्या मुहूर्ताला स्वतः बाबासाहेब उपस्थित होते, आणि गाडगेबाबांचे कीर्तनही त्यात आहे. राष्ट्रपतींचे रौप्यपदक या चित्रपटाला मिळाले. एका वर्षाआधी अत्र्यांच्याच 'श्यामची आई'ला सुवर्णपदक मिळाले होते. आता सांगा, 'श्यामची आई' किती जणींनी पाहिला आणि 'महात्मा फुले' किती जणींनी? श्यामची आई मायाळू आहे, यात शंका नाही. साने गुरुजींच्या पुस्तकात ती अस्पृश्य म्हातारीची मोळी उचलून द्यायला श्यामला सांगते, आणि घरी येऊन आंघोळ करायलाही सांगते. सावित्रीमाईंनी शेण-दगड झेलत शाळा चालवली आणि घरचा हौद अस्पृश्यांना खुला करणाऱ्या जोतीरावांच्या पाठीशी त्या उभ्या राहिल्या. त्या घरात शिवल्याची आंघोळ नव्हती. दोन्ही आया एकाच निर्मात्याने दाखवल्या, पण महाराष्ट्राने आठवणीत ठेवली ती एकच. यात दोष चित्रपटाचा नाही, आठवण ठेवणाऱ्यांचा आहे. आणि त्या आठवण ठेवणाऱ्यांत आपणही आहोत.

सत्तरच्या दशकात चित्र थोडे बदलले. श्याम बेनेगल यांच्या 'अंकुर'मध्ये (१९७४) शबाना आझमीची लक्ष्मी आली. तेलंगणातल्या गावातली, मुक्याबहिऱ्या कुंभार नवऱ्याची बायको, जमीनदाराच्या पोराच्या घरी झाडलोट करणारी. तो शहरात शिकलेला, जात मानत नाही असे सांगणारा तरुण तिच्या हातचा चहा पितो, तिला वापरतो, आणि मूल राहिल्यावर हात झटकतो. जात न मानण्याची ही तऱ्हा आम्ही खूप पाहिली आहे. पण लक्ष्मी रुळांवर जात नाही. ती मूल पाडायला नकार देते, आणि नवऱ्याला चाबकाने फोडणाऱ्या मालकाला गावासमोर शिव्याशाप देते. शेवटी एक लहान पोरगा मालकाच्या खिडकीवर दगड मारतो. रोझीवर पडलेले दगड कोणाचे होते आणि हा दगड कोणाचा आहे, हे ज्याचे त्याने समजून घ्यावे. २०१३ साली नागराज मंजुळे यांच्या 'फँड्री'त जब्याने भिरकावलेला दगड थेट प्रेक्षकाच्या अंगावर आला, तो याच दगडाचा वारस होता.

जब्बार पटेल यांच्या 'जैत रे जैत'मधली (१९७७) ठाकरांची चिंधी आणि 'उंबरठा'मधली (१९८२) सुलभा या दोन्ही भूमिका स्मिता पाटील यांनी केल्या. चिंधी न पटणारा नवरा टाकून मनातल्या माणसाकडे येते, आणि तिला त्याची लाज वाटत नाही. सुलभा शिकलेली, सुखवस्तू घरातली. ती काम करण्यासाठी घर सोडते, महिलाश्रमाची अधीक्षक होते, आणि परत आल्यावर त्या घरात आपल्याला जागा नाही हे कळताच पुन्हा बाहेर पडते. नोकरीसाठी तालुक्याच्या गावी एकट्या राहणाऱ्या आमच्या शिक्षिका, परिचारिका, ग्रामसेविका यांना सुलभा जवळची वाटते ते उगाच नाही. पण सुलभाकडे ओलांडायला उंबरठा होता. आश्रमात येऊन पडलेल्या त्या बायकांच्या मागे कोणती गावे होती, कोणत्या जाती होत्या, ते चित्रपट फारसे सांगत नाही. त्यांच्यातल्या एकीला मध्यभागी ठेवून कोणी चित्रपट काढला असता तर?

आमचे म्हणणे नीट समजून घ्यावे. हे चित्रपट टाकून द्या असे आम्ही म्हणत नाही. ते चांगले आहेत म्हणून तर ऐंशी वर्षांनंतर त्यांच्याबद्दल लिहावेसे वाटते. पण चित्रपट पाहताना आपली जागा सोडून दुसऱ्याच्या जागेवर जाऊन बसू नये. कस्तुरीसाठी रडावे, पण ती का मेली हेही विचारावे. सुजातावर माया करावी, पण रक्ताची किंमत मोजू नये म्हणून आपल्या लेकीला सांगावे.

आणि एक ठोस सूचना. आपल्या विहारांत ३ जानेवारीला, ८ मार्चला, भीमजयंतीच्या पंधरवड्यात भाषणे होतातच. त्यातली एक संध्याकाळ चित्रपटाला द्यावी. सावित्रीमाईंच्या जयंतीला 'महात्मा फुले' दाखवावा, महिला दिनाला 'कुंकू' किंवा 'अंकुर'. नंतर वक्त्याला माईक देण्याऐवजी समोर बसलेल्या बायकांना आधी बोलू द्यावे. त्या जे सांगतील ते कोणत्याही समीक्षकाला सुचलेले नसेल. दक्षिणेत पा. रंजित आणि त्यांच्या नीलम संस्थेने पी. के. रोझीच्या नावाने चित्रपट महोत्सव सुरू केला. जिला दगड मारून हाकलले तिचे नाव त्यांनी फलकावर लावले. महाराष्ट्रात हे आपल्याला का जमू नये?

आणि नवे काढायचे म्हटले तर कथांचा तोटा आहे का? शांताबाई कांबळे यांनी आपल्या आत्मकथेचे नावच 'माज्या जल्माची चित्तरकथा' ठेवले. बेबीताई कांबळे यांचे 'जिणं आमुचं', कुमुद पावडे यांचे 'अंतःस्फोट', ऊर्मिला पवार यांचे 'आयदान' ही पुस्तके घरात आहेत. ऊर्मिला पवार आणि मीनाक्षी मून यांच्या 'आम्हीही इतिहास घडवला' या ग्रंथात तर चळवळीतल्या बायकांची फौजच उभी आहे. त्यातली एकेक बाई म्हणजे एकेक चित्रपट आहे. तिला मरावे लागत नाही, रक्त द्यावे लागत नाही, कोणाची 'मुलीसारखी' व्हावे लागत नाही. आज आमच्या मुली पुण्या-मुंबईत कॅमेरा, संकलन, लेखन शिकत आहेत. नागपूरच्या त्या मांडवात हजारो बायका जमल्या तो दिवस त्यांच्यापैकी एखादीने पडद्यावर आणावा. तो पाहायला आमच्या आयाबहिणी पुढच्या रांगेत बसतील, याबद्दल आमच्या मनात शंका नाही.